कादंबरीकाराचे प्रकृतिवर्तमान

मराठी कादंबरीकार आजारी पडला, घरातल्या एका खोलीत काही आठवडे एकटा राहिला आणि त्यातून उठून पुन्हा बैठकीच्या खोलीत येऊन बसला, की समाज त्याच्याकडे कादंबरी मागत नाही, वर्तमान मागतो. ताप किती चढला होता, तोंडाला चव आली का, डॉक्टरांनी नेमके काय सांगितले, अंगात ताकद कितपत आहे आणि ‘सध्या नवीन काय चालू आहे’, या प्रश्नांना एका दमात दिलेले जे उत्तर, त्याला प्रस्तुत विवेचनापुरते ‘प्रकृतिवर्तमान’ म्हणावे. प्रवासवर्णनाला, आत्मचरित्राला, फार काय ललित गद्यालाही आपल्याकडे वाङ्मयप्रकाराचा दर्जा, पारितोषिके आणि प्रबंध लाभलेले आहेत. परंतु जो प्रकार प्रत्येक लेखक हयातीत एकदा तरी हाताळतो, ज्याला प्रकाशक लागत नाही आणि ज्याच्या श्रोत्याला मध्येच उठून जाता येत नाही, त्याची दखल घेण्यास समीक्षेला अद्याप सवड झालेली नाही.

हा प्रकार कादंबरीकाराच्याच हातून पूर्णत्वास जातो, याला कारणे आहेत. कवीला ताप आला तर तो उतरण्यापूर्वीच त्याची कविता होऊन जाते आणि मागे सांगण्यासारखे काही उरत नाही. नाटककार आजारी पडला तर तालीम रद्द होते आणि बातमी नटमंडळींकडूनच गावभर होते. समीक्षक आजारी पडल्याचे पुष्कळदा कोणाच्या लक्षातच येत नाही. कादंबरीकाराचा पिंड मात्र विस्ताराचा असतो. ‘ताप आला होता, आता बरा आहे’ एवढ्यावर थांबणे म्हणजे त्याच्या मते चांगला विषय लघुकथाकाराच्या हवाली करणे होय. म्हणून त्याचे वर्तमान पहिली शिंक कोठे आली येथून निघते, त्या शिंकेच्या आदल्या दिवशी हवा कशी होती हे सांगण्यासाठी थोडे मागे जाते, आणि थर्मामीटर काखेत जाईपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा गार झालेला असतो.

या वर्तमानाचा दुसरा घटक एकांतवास हा असून कादंबरीकाराची खरी अडचण तेथे आहे. पुढची कादंबरी केव्हा, असे कोणी विचारले की ‘सलग वेळ मिळत नाही’ हे त्याचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले उत्तर होते. सलग वेळ म्हणजे लग्नमुंजी, बारशी, गॅसचा सिलिंडर, सोसायटीची सर्वसाधारण सभा, कथास्पर्धेचे परीक्षण, मुक्कामी पाहुणे आणि वाचनालयाच्या वर्धापनदिनाचे अध्यक्षस्थान यांपैकी कशानेही न तुटलेला काळ. तो आजवर कोणालाच मिळालेला नसल्यामुळे उत्तराचा खरेखोटेपणा तपासण्याची सोय नव्हती. २४ मार्च २०२० रोजी रात्री करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि ती सोय एकाएकी झाली. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने गृहविलगीकरणात, म्हणजे चौदा दिवस घराबाहेर न पडण्याच्या अटीवर, ठेवलेल्या माणसांच्या डाव्या हाताच्या पाठीवर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारण्यास सुरुवात केली होती. ज्या कादंबरीकारांच्या हातावर तो उमटला, त्यांना सलग वेळ मिळाल्याचा लेखी पुरावाच सरकारने दिला, असे म्हणावे लागते.

या वेळेचे पुढे काय झाले, हे एका प्रातिनिधिक कादंबरीकाराच्या उदाहरणावरून पाहता येईल. तो पुण्याच्या पश्चिम भागात तिसऱ्या मजल्यावर राहतो, निवृत्त आहे, आणि त्याचा नायक सातव्या प्रकरणात मनमाड स्थानकावर गाडीची वाट पाहत उभा होता. २२ मार्चला रेल्वेने देशभरातील प्रवासी गाड्या बंद केल्या, आणि वास्तववादावर अढळ निष्ठा असलेल्या या लेखकाने नायकाला तेथेच उभे ठेवले. पुढे गाड्या सुरू झाल्या तेव्हा लेखकाला ताप होता. ताप गेला तेव्हा थकवा होता. आणि थकवा गेल्यावर, इतके दिवस फलाटावर काढलेला माणूस गाडीत बसताना नेमका कोणता विचार करील, हा प्रश्न नव्याने उभा राहिला. या मुदतीत कादंबरीच्या वहीत एकही ओळ पडली नाही असे मात्र नाही. तिच्या उजव्या पानांवर तारीख, वेळ, ताप, नाडी आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने दाखवलेले आकडे असे पाच रकाने आखलेले असून त्यांतील नोंदी विलक्षण बारकाईच्या आहेत. नायिकेचे वय तिसऱ्या प्रकरणात सव्वीस आणि पाचव्यात बत्तीस लिहिणाऱ्या या माणसाला कोणत्या पहाटे ऑक्सिजन सत्त्याण्णवावरून पंचाण्णवावर उतरला होता, हे आजही वही न उघडता सांगता येते.

अशा वेळी हितचिंतक पाश्चात्त्य दाखले देतात, ते तपासून घेणे आवश्यक आहे. पहिला दाखला अर्थातच मार्सेल प्रूस्तचा. लहानपणापासून दम्याने बेजार असलेल्या या फ्रेंच कादंबरीकाराने पॅरिसमधील बुलेव्हार ओसमानवरच्या १०२ क्रमांकाच्या घरात, १९१० मध्ये, झोपायच्या खोलीच्या भिंतींना आवाज शोषणाऱ्या बुचाचे अस्तर लावून घेतले, खिडक्या बंद ठेवल्या, दिवसा झोप आणि रात्री लेखन असा क्रम धरला, आणि पलंगावर पडल्यापडल्या सात भागांची कादंबरी लिहिली. हे सांगणारे दोन गोष्टी गाळतात. त्याला आईवडिलांकडून भरपूर संपत्ती मिळालेली होती आणि पुढच्या वर्षांत सेलेस्त अल्बारे नावाची, घंटा वाजताच कॉफी घेऊन येणारी बाई त्याच्या दिमतीला होती. मराठी कादंबरीकाराने खोलीतून हाक मारली तर ‘ताट दाराशी ठेवलंय, मी लांब गेले की घ्या, आणि नंतर स्वतः घासून ठेवा’ असे उत्तर येते. शिवाय बुचाच्या भिंतींआडही प्रूस्तला शांतता लाभली नाही. वरच्या बाजूला एका दंतवैद्याचा दवाखाना आणि बिऱ्हाड होते, आणि तेथली ठाकठोक थांबावी म्हणून त्याने दंतवैद्याच्या पत्नीला लिहिलेली आर्जवी पत्रे २०१३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. वरच्या मजल्यावर फरशी बदलण्याचे काम चालू असता सोसायटीच्या सेक्रेटरीला मराठी लेखकांनी लिहिलेली पत्रे संख्येने किंवा आर्जवाने कमी भरणार नाहीत. ती जपून ठेवणारा सेक्रेटरी तेवढा आपल्याकडे निपजलेला नाही.

दुसरा दाखला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा असतो. छातीच्या विकाराने अंथरुणाला खिळलेला असताना, १८८५ मध्ये, इंग्लंडच्या बोर्नमथ गावी त्याने डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड यांची गोष्ट लिहिली, आणि पत्नीने दोष दाखवल्यावर पहिला खर्डा जाळून काही दिवसांत ती पुन्हा नव्याने लिहून काढली, अशी आख्यायिका आहे. मराठी कादंबरीकाराच्या घरी पहिला खर्डाच पूर्ण होत नसल्यामुळे जाळण्याचा प्रसंग येत नाही. टोमास मान या जर्मन कादंबरीकाराचा दाखला अधिक उपयोगाचा आहे. १९१२ मध्ये त्याची पत्नी स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे छातीच्या विकारावर उपचार घेत होती. तिला भेटायला तो सुमारे तीन आठवडे तेथे गेला, तर तेथील डॉक्टरांना त्याच्याही फुप्फुसावर डाग दिसला आणि त्यांनी सहा महिने राहण्याचा सल्ला दिला. मान सल्ला न मानता घरी परतला, या अनुभवावर एक लहानशी विनोदी गोष्ट लिहावी असे त्याने ठरवले, आणि ती लहानशी गोष्ट ‘द मॅजिक माउंटन’ या नावाने इंग्रजी वाचकांना ठाऊक असलेली दोन खंडांची कादंबरी होऊन १९२४ मध्ये बाहेर पडली. तिचा नायकही तीन आठवड्यांसाठी म्हणून जातो आणि सात वर्षे राहतो. मुदतवाढ मागणाऱ्या प्रत्येक लेखकाने हा दाखला तोंडपाठ ठेवावा. मान तेथून निघून आला म्हणूनच त्याच्या हातून कादंबरी झाली, हा त्यातला अर्थ मात्र प्रकाशकापुढे उलगडू नये.

आता प्रत्यक्ष वर्तमानाच्या संहितेकडे वळता येईल. संहिता म्हणजे मूळ मजकूर, आणि तो सांगताना किंवा उतरून घेताना पडलेले फरक म्हणजे पाठभेद. महाभारताचे पाठभेद जुळवून त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यास पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेला १९१९ पासून १९६६ पर्यंतचा काळ लागला; प्रस्तुत कादंबरीकाराच्या तापाची चिकित्सक आवृत्ती काढायची झाल्यास याहून फार लवकर काम उरकेल, असे वाटत नाही. डॉक्टरांच्या कागदावर ताप शंभर आहे. नाशिकच्या वृद्ध मावशीला, तिने घाबरू नये म्हणून, तो नव्याण्णव सांगण्यात आला; अमेरिकेतील मुलाला, त्याने निदान रविवारी तरी फोन करावा म्हणून, एकशे एक; समवयस्क कादंबरीकाराला एकशे दोन, कारण त्याने स्वतःचा एकशे दीड सांगितला होता; आणि प्रकाशकाला एकशे तीन, ‘तोही उतरत नव्हता’ या पुरवणीसह. विमा कंपनीला कळवलेला आकडा कागदपत्रांशी जुळतो, आणि संशोधकांनी तोच विश्वसनीय पाठ मानावा.

भेटीला त्या काळी बंदी असल्यामुळे ही सारी परंपरा मौखिक, म्हणजे फोनवरची आहे. रुग्णविचारणेच्या या फोनची रचना ठरलेली असते. पहिले मिनिट रुग्णाचे; त्याने ‘पहिले दोन दिवस नुसती कणकण होती’ असे म्हणेपर्यंत पलीकडचा धीर धरतो, आणि मग ‘तुमचं काहीच नाही, आमच्या मेव्हण्यांचं ऐका’ या वाक्याने फोनचा ताबा घेतो. या प्रकाराला व्याधिस्पर्धा म्हणता येईल. कादंबरीकाराने आपल्या एका गाजलेल्या पुस्तकात चाळीस पाने खर्चून खेड्यातील पटकीची साथ रंगवलेली असते, परंतु मेव्हण्यापुढे त्याचा निभाव लागत नाही, कारण मेव्हणा खरा असतो, त्याला मधुमेह असतो, आणि त्याची खाट मिळवण्यासाठी कोणकोणत्या नगरसेवकाला फोन करावे लागले हे पलीकडच्याला नावानिशी ठाऊक असते. ज्या घरांत त्या दिवसांत फोन वाजला की काळजात चर्र होत असे, त्यांची गोष्ट निराळी आहे, आणि ती विनोदाच्या कक्षेत येत नाही. येथे विचार चालला आहे तो ज्यांचे थोडक्यात निभावले आणि ज्यांना त्याबद्दल अंतर्यामी किंचित अपमान वाटतो, अशा रुग्णांचा.

फोनबरोबर उपचारही येतात. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा सुचवल्यानंतर महाराष्ट्रातील प्रत्येक घराने त्यात स्वतःची भर घातली आणि शासनाच्या पाठातही भेद निर्माण केले. सासरचा काढा ज्येष्ठमधाचा, माहेरचा गवती चहाचा आणि शेजारच्यांचा, पिणाऱ्याच्या चेहऱ्यावरून पाहता, घटक न सांगता येण्याजोगा. ओव्याची वाफ, हळदीचे दूध आणि मिठाच्या गुळण्या यांतून जो वेळ उरतो त्यात कादंबरी लिहावी, अशी घरच्यांची अपेक्षा असते. वास जाणे हे या आजाराचे प्रसिद्ध लक्षण असून कादंबरीकाराच्या दृष्टीने ते धंद्यावरचे संकट ठरायला हवे होते, कारण पहिल्या पावसाच्या मातीचा वास त्याच्या प्रत्येक कादंबरीत किमान दोनदा येतो. प्रत्यक्षात, नाक पूर्ण बंद असताना त्याने एका मासिकासाठी लिहिलेल्या पावसावरच्या लेखाला ‘अगदी वास आला हो’ असा अभिप्राय तीन वाचकांनी कळवला, आणि इतकी वर्षे आपण हा वास नेमका कोठून घेत होतो, या विचाराने त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

आजारपणाला साहित्यात प्रेम, युद्ध आणि मत्सर यांच्या पंगतीत पान का मिळाले नाही, असा प्रश्न व्हर्जिनिया वुल्फने १९२६ मध्ये एका निबंधात विचारला होता, आणि दुखणे सांगायला निघालेल्या माणसाला भाषा अपुरी पडते, अशी तक्रारही केली होती. तिची भाषा इंग्रजी होती. कळ, ठणका, चमक, उसण, शिणक, ठसठस, भणभण आणि कसकस हाताशी असलेल्या मराठी माणसाला ही तक्रार करता येत नाही. त्याची अडचण, कोठे थांबावे, ही आहे.

प्रकाशकाशी होणारे संभाषण स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. मराठी प्रकाशक सहृदय असतो, म्हणजे तो पहिल्या फोनमध्ये हस्तलिखिताचा विषय काढत नाही, केवळ ‘आता विश्रांती घ्या, सलग वेळ मिळालाच आहे’ एवढेच म्हणतो. दुसऱ्या फोनमध्ये तो कागदाच्या वाढत्या भावाबद्दल बोलतो. तिसऱ्यात तो ‘किती पाने झाली असतील साधारण’ असे विचारतो, आणि तेव्हा लेखकाला खोकला येतो. नाशिकचे ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन मार्च २०२१ मध्ये भरायचे होते, ते साथीमुळे पुढे जाऊन डिसेंबरमध्ये भरले. स्वागत समिती, मंडप आणि भोजनव्यवस्था एवढ्या बळावर उभे असलेले कार्य नऊ महिने लांबू शकते, तर एकट्या माणसाच्या सातव्या प्रकरणाला तेवढी सवलत का नसावी, असा युक्तिवाद या लेखकाने केला. प्रकाशकाने तो मान्य केला, परंतु संमेलन अखेर भरले, याकडे त्याचे लक्ष वेधले.

येथे एक मत स्पष्टपणे नोंदवणे इष्ट आहे. एकांतातून कादंबरी निपजते, ही समजूत मराठी कादंबरीच्या इतिहासाशी जुळत नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि नावावरूनच दिसते की ती घरी बसून राहिलेली नव्हती. तिची नायिका पतीसह हिंडली, ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे तिने पाहिली, तेव्हा कुठे पुस्तक झाले. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ या त्यांच्याच साप्ताहिकातून क्रमशः आली. अंक आठवड्याने निघणारच, या धास्तीइतकी उत्तेजक मात्रा कोणत्याही काढ्यात नाही. पुढे १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही धास्ती वर्षातून एकदा सर्वच लेखकांना उपलब्ध करून दिली, आणि मराठी गद्याचा किती मोठा भाग ‘ऑगस्टअखेर मजकूर द्या’ या एका वाक्यातून जन्माला आला आहे, हे अद्याप कोणी मोजलेले नाही. स्वतः प्रूस्तही बुचाच्या खोलीतून रात्री उठून रिट्झ हॉटेलात जेवायला जात असे आणि कोण कोणाबरोबर बसले होते, कोण काय बोलले, हे तेथील सेवकांकडून खोदखोदून काढून घेत असे. कादंबरीला शांतता लागते ती लिहिण्यापुरती. तिचा कच्चा माल वाण्याच्या दुकानात, एसटीच्या मागच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत आणि जिना चढताना अर्धवट कानावर पडलेल्या भांडणात मिळतो, म्हणजे नेमक्या त्याच ठिकाणी, ज्यांच्यामुळे सलग वेळ मिळत नाही अशी लेखकाची तक्रार असते. विलगीकरणाने तक्रार मिटवली आणि मालाचा पुरवठाही तोडला. खिडकीतून जे दिसले ते पाण्याचा टँकर, तोंडाला रुमाल बांधलेला भाजीवाला आणि समोरच्या गच्चीत गोल फेऱ्या मारणारे निवृत्त अभियंता एवढेच होते, आणि अभियंत्याच्या आयुष्यात काहीही घडत नसल्याचे आठवडाभराच्या निरीक्षणाने सिद्ध झाले.

बरे झाल्यानंतरच्या थकव्याबद्दल मात्र थट्टा करू नये. अशा आजारानंतर अशक्तपणा, विसरभोळेपणा आणि लक्ष न लागणे ही लक्षणे कित्येक आठवडे, काहींच्या बाबतीत महिनोन्‌महिने टिकतात, आणि ती खरी असतात, हे वैद्यकाने मान्य केलेले आहे. प्रस्तुत रुग्णाबद्दल एवढेच नमूद करावयाचे की, टेबलाशी बसताच डोळे मिटणे आणि पात्रांची नावे विसरणे ही लक्षणे त्याच्यात साथ येण्यापूर्वी सुमारे पंधरा वर्षांपासून आढळत होती, असे त्याच्या पत्नीने डॉक्टरांना सांगितले, आणि डॉक्टरांनी ती कागदावर लिहिली नाहीत.

यथावकाश त्याचे प्रकृतिवर्तमान पूर्ण झाले. फोनवर असंख्य वेळा सांगून त्याची वाक्ये घोटली गेली होती, मेव्हण्याचे उपकथानक त्यात आपोआप मिसळले होते, आणि तापाचा आकडा एकशे दोनवर स्थिर झाला होता. दिवाळी अंकाच्या संपादकाने कादंबरीतले एखादे प्रकरण मागितले तेव्हा लेखकाने हेच लिहून पाठवले. ते ‘ललित’ या विभागात छापून आले, मानधन मिळाले, पत्रेही आली, आणि संपादकाने पुढच्या वर्षीसाठी दुसरा भाग मागितला, ज्याकरिता पुन्हा आजारी पडावे लागेल काय, याची चौकशी लेखक सध्या करीत आहे. कादंबरी सातव्या प्रकरणातच आहे. तेव्हा त्याला भेटायला जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती आहे की, सफरचंदे नेऊ नयेत, काढा तर मुळीच नेऊ नये, आणि मेव्हण्याचा विषय काढू नये. गल्लीतली एखादी ताजी भानगड तेवढी घेऊन जावे, ती रंगात येईपर्यंत सांगावी, आणि शेवट न सांगता उठावे.